माघारीचा कागद

आमच्या प्रभागातली निवडणूक मतदानाच्या दिवशी होत नाही. ती महिनाभर आधी गावदेवीच्या देवळात होते, उन्हं कलल्यावर, आणि तिथे मतदारांना बोलवत नाहीत. हे वाक्य मी पत्रकात लिहिलं होतं, पुढे तीन उद्गारचिन्हं देऊन. इथे देत नाही. पुढे जे सांगायचंय त्यात दोष एकट्या गावकीचा नाही.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरहून खाडीकडे उतरलं की जुनी गावं लागतात. गावं म्हणजे आता टॉवर, चाळी आणि मधेच अंग चोरून उभं असलेलं एखादं कौलारू घर. आमचं गाव त्यातलंच एक, नाव लिहीत नाही. खाडीच्या कडेला कोळ्यांची घरं, मधे देऊळ, नाल्याच्या अलीकडे आमची बौद्धांची चाळ, आणि चहूबाजूंनी कॉम्प्लेक्स. बाबा इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. पाण्यासाठी, कचऱ्यासाठी, शाळेच्या मैदानासाठी. पत्रकाची शिस्त सोपी असते: एक बाजू, एक मागणी, खाली 'आपले विनीत'. दुसरी बाजू छापायला कागदावर जागा नसते. मला ती शिस्त आवडायची.

देवळातली रीत अशी. गावातल्या प्रत्येक घरातून एक पुरुष येतो. मधे पाटावर नारळ ठेवतात. कोण उभं राहणार यावर बोलणं होतं, आवाज चढतात, एखादा उठून जातो आणि समजूत काढून परत आणला जातो. नाव ठरलं की सगळे त्या नारळाला हात लावतात. हात लावला म्हणजे शब्द दिला. मग गावातलं दुसरं कुणी उभं राहत नाही, आणि उभं राहिलंच तर माघार घेतं. पक्ष कुठला ही नंतरची गोष्ट. ज्याच्या नावाने नारळ उचलला, त्याच्या दारात सगळ्याच पक्षांच्या गाड्या येऊन उभ्या राहतात.

बायका पायरीवर बसतात. आमच्या चाळीला निरोपसुद्धा नसतो. कॉम्प्लेक्समधल्या लोकांना तर देवळात असं काही होतं हेच ठाऊक नाही. ते मतदानाच्या दिवशी येतात आणि समोर जे असेल त्यातून निवडतात. आणि समोर एकच नाव उरलं तर तेही नाही. आमच्याकडे एका प्रभागात चार जागा, एका मतदाराला चार मतं. ज्या जागेवर एकच उमेदवार उरतो ती बिनविरोध, ती मशीनवर येतच नाही. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणसुद्धा मिळत नाही. हे घटनेत बसतं का, असं मी एका वकील ताईंना विचारलं होतं. कल्याणला त्यांच्या ऑफिसात, समोर फायलींचा ढीग.

त्या म्हणाल्या, "मत देण्याचा अधिकार तुला कायद्याने दिलाय. उमेदवार मिळण्याचा अधिकार कुठे लिहिलाय दाखव."

"म्हणजे हॉटेलात बसायचा हक्क आहे, जेवण मागायचा नाही?"

"भाषण नको. कोर्टात जायचं तर माणूस आण. ज्याची निवड खरोखर गेली असा माणूस. पत्रकं कोर्टात टिकत नाहीत."

माणूस मला मिळाला, तो मासळी बाजारात.

मावशी कोळीण. माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. पण मी लहानपणापासून तिच्या घरात जेवत आलेय. नवरा गेल्याला बरीच वर्षं झालेली. घरात ती आणि मुलगी. खाडीत मासळी उरली नाही म्हणून ती भाऊच्या धक्क्यावरून माल आणून इथे विकते. बाजाराची शेड पाडून तिथे खाडीकिनारी फिरायचा रस्ता करायचं ठरलं होतं, आणि मासळीवाल्यांनी कुठे बसायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. ते विचारायला ती देवळातल्या त्या बैठकीला गेली. पायरीवरून उठून आत गेली. आत तिला सांगितलं, "वहिनी, तुमच्या घरचा माणूस आलाय ना, बसा तुम्ही." घरचा माणूस म्हणजे दीर. त्याने तिच्या घराच्या वतीने नारळाला हात लावला. ठरलेलं नाव होतं एका बिल्डरच्या सुनेचं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या चाळीत आली. टोपली दाराशी ठेवली आणि म्हणाली, "गो पोरी, त्यो फारम कुठं भेटतो?"

ती जागा मागास प्रवर्गातल्या बायकांसाठी राखीव होती, तिला चालत होती. कागदपत्रं जमवायला आम्हाला चार दिवस लागले. उमेदवाराचं नाव सुचवणारा एक मतदार लागतो, त्याला सूचक म्हणतात. सूचक मी झाले. आयुष्यात पहिल्यांदा माझी सही पत्रकाखाली नाही, सरकारी अर्जावर होती. चिन्हांची यादी मी तिला वाचून दाखवली.

"मासा नाय का त्याच्यात?"

"नाही गं."

"टोपली?"

"टोपली आहे की नाही बघते... नाही. कपबशी आहे, शिट्टी आहे."

"शिट्टी नको. या वयात शिट्टी मारली तर पोरीचा लगीन मोरंल." आणि स्वतःच हसली.

मुलीचं लग्न ठरलेलंच होतं. मुलगा ठाण्याकडचा, बाळकुमच्या बाजूला नोकरीला. हळद माघारीच्या तारखेनंतर आठ दिवसांनी. आम्ही दोघींनी तारखा पाहिल्या होत्या आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिला वाटलं नाही याचं नवल नाही, गाव तिला आपलंच वाटत होतं. मला वाटायला हवं होतं. मी त्याच गावात वाढलेय.

छाननी झाली. तिचा अर्ज टिकला. त्या जागेवर दोनच नावं उरली: बिल्डरची सून आणि मावशी. त्या संध्याकाळी गावकीतले थोरले काका तिच्या ओट्यावर येऊन बसले. मी तिथेच होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आमी काय बोलत नाय," ते म्हणाले. "उबा ऱ्हायचा ज्याला त्याचा अधिकार हाय. पन घराचा शब्द गेलाय."

मी मधे पडले. "काका, शब्द दिराने दिला. मावशीने नारळाला हात लावलाच नाही."

"पोरी, तू शिकलेली हायस," ते शांतपणे म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "लगीन तुज्या घरचा हाय. मांडव गावाचा हाय. एवरा ध्यानात ठेव."

चहा न घेता गेले. धमकी नाही, शिवी नाही. पोलिसात सांगायला गेलं तर काय सांगणार?

आमच्याकडच्या कोळ्यांची हळद ज्यांनी पाहिली नसेल त्यांना हे कळणार नाही. मांडवाचे खांब गावातले पुरुष रोवतात. तांदूळ निवडायला, घाऱ्या तळायला बायका न बोलावता येतात. आणि धवलारीण येते. ही म्हातारी लग्नाची गाणी म्हणते, धवले. देवाला बोलावणं, पितरांना बोलावणं, नवरीला हळद लावणं, सगळं तिच्या गाण्यावर पुढे सरकतं. तिने तोंड उघडलं नाही तर पुढचं पाऊल कोणतं हेही धड कुणाला ठाऊक नसतं.

मी म्हटलं, "मावशी, सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. तक्रार करू. मी लिहून देते."

ती बराच वेळ हाताला लागलेलं खवलं नखाने काढत होती. "कायदा धवले बोलंल का गो?"

मी तरीही बोलत राहिले. बाजाराच्या शेडबद्दल, हजारो मतदारांबद्दल, बाबासाहेबांनी कशासाठी एवढं केलं त्याबद्दल. ती ऐकून घेत होती. मला वाटलं, पटतंय.

माघारीच्या दिवशी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. माघारीचा अर्ज भरून ठेवला होता, पुतण्याकडून लिहून घेतलेला. खाली तिची सही, वाकडी, प्रत्येक अक्षर वेगळं. कागद उमेदवाराने स्वतः नेऊन द्यायचा, किंवा लेखी अधिकार देऊन सूचकाने. अधिकारपत्रही तयार होतं.

"तूच ने," ती म्हणाली. "मना त्या हापिसात त्यांच्यासमोर उबा ऱ्हायाचा नाय. घरी बायका यायच्यात तांदलाला. काकांनी सांगलाय, कागद गेला की येतील."

"मावशी, अजून विचार कर."

"केला. रातभर केला. माज्या पोरीची हलद हाय गो. माजा काय, मी आज हाय, उद्या नाय. जा."

ऑफिस एका शाळेत होतं. माघार तीन वाजेपर्यंत. मी पावणेदोनला पोचले. दाराबाहेर बाक, बाकासमोर घड्याळ, दारातून दिसणारं साहेबांचं टेबल. रांग नव्हती. एक माणूस आत होता, तोही दोन मिनिटांत बाहेर आला. मी उठून सरळ आत जायचं, एवढंच काम.

बाहेर बिल्डरची माणसं उभी होती. पांढरे शर्ट, हातात दोन-दोन फोन. त्यातला एक पुढे आला, हसला, म्हणाला, "या ताई. आणला ना कागद? बसा, आधी चहा घ्या. घाई नाही, अजून तासभर आहे." आणि पलीकडे वळून कुणाला तरी म्हणाला, "हार सांगून ठेव रे."

तो काही वाईट बोलला नाही. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. कागद अजून माझ्या फाइलीत होता, आणि यांचे हार सांगून झाले होते. मी बाकावर बसले. चहा घेतला नाही.

बसून काय विचार केला ते खरं लिहिते. मी मावशीचा विचार केला नाही. आमच्या चाळीचा केला. बाबा दरवेळी पांढरा शर्ट घालून पहिल्या दहात मत द्यायला जातात, त्यांचा केला. कॉम्प्लेक्समधल्या त्या लोकांचा केला, ज्यांना एका नारळाबद्दल काहीही माहीत नसताना त्यांचं एक मत काढून घेतलं जाणार होतं. मला वाटलं, हा कागद तिचा नाही. हा तिच्याकडून लिहून घेतलेला आहे. मग मी तो का द्यावा? हे सगळं मला फार स्वच्छ दिसत होतं, पत्रकासारखं. एक बाजू, एक मागणी.

अडीच वाजता तो माणूस पुन्हा आला. "ताई, आत जाताय ना?" मी म्हटलं, "जाते." पावणेतीनला त्याचा आवाज बदलला. "ताई, टाइम होतोय." मी घड्याळाकडे बघत राहिले. तीनला शिपायाने दार ओढून घेतलं. आत कुणीतरी वेळ मोठ्याने वाचली.

मला आनंद झाला. हे लपवत नाही.

जिन्यातच तिला फोन केला. "मावशी, रांग होती गं. नंबर येईपर्यंत तीन वाजले. दार बंद केलं त्यांनी."

पलीकडे बायकांचा आवाज येत होता, सुपांचा आवाज. मग ते थांबलं.

"बरा," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "मंग आता काय?"

"आता लढायचं."

तिने फोन ठेवला.

संध्याकाळी मी गेले तेव्हा तांदूळ अर्धवट निवडलेले ओट्यावर तसेच पडले होते. बायका सुपं घेऊन निघून गेल्या होत्या. त्या पांढऱ्या शर्टवाल्याने गावात सांगितलं होतं की रांगबिंग काही नव्हती, पोरगी सव्वा तास बाकावर बसून घड्याळ बघत होती. गावाने त्याचा अर्थ लावला की मावशीनेच तसं सांगून पाठवलं. कागद दाखवायचा आणि द्यायचा नाही. नुसता शब्द मोडला असता तर कदाचित चाललं असतं. ही तर थट्टा झाली. थोरले काका गल्लीत उभे राहून तिला बोलत होते, आणि ती ओट्यावर उभी राहून उत्तर देत होती.

"रांग व्हती. पोरगी बोलली ना रांग व्हती."

"आमचा मानूस तिथंच व्हता."

"तुमचा मानूस खोटा बोलतो. माजी पोरगी खोटा बोलनार नाय." तिने मला पाहिलं आणि बोट दाखवलं. "इचारा तिला. तोंडावर इचारा."

कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोलले असते, मला माहीत नाही. काका माझ्याकडे एकदा बघून निघून गेले. त्यांना कळलं होतं.

हळदीला मांडव कल्याणच्या कंत्राटदाराने घातला. लोखंडी पाइप, गुलाबी कापड. आमची अख्खी चाळ गेली. आईने आणि शेजारणींनी घाऱ्या तळल्या, करपल्या थोड्या, आम्हाला सवय नाही. गावातलं कुणी आलं नाही. दीरही नाही. धवलारीण आजारी असल्याचा निरोप आला. सकाळी मी तिला नळावर पाहिलं होतं.

मुलगी पाटावर बसली. हळद वाटून तयार. सगळे मावशीकडे बघायला लागले, आता पुढे काय. मावशीने स्वतःच सुरुवात केली. मासे विकणारीचा आवाज, चढा, गाण्याचा नव्हे. दोन-तीन ओळी आल्या. चौथी येईना. ती पहिल्यापासून परत म्हणाली आणि परत तिथेच अडली. एरवी वीस बायका मागून ओढ देतात, एकीला आठवलं नाही तर दुसरी उचलते. आमच्या बायका नुसत्या बसल्या होत्या, हात जोडल्यासारख्या. आमची लग्नं वंदना घेऊन होतात, आम्हाला यातलं एक अक्षर येत नाही. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आये, राहू दे. लाव नुसती." मग नुसती लावली.

प्रचार मी केला. मावशी चार दिवस माझ्याबरोबर फिरली, मुलीची पाठवणी झाल्यावर, कपबशीचं चिन्ह छातीला लावून. कॉम्प्लेक्समधल्या बायका तिच्याशी चांगलं बोलल्या. एकीने तर सांगितलं, "बरं झालं तुम्ही उभ्या राहिलात, नाहीतर आम्हाला चॉइसच नव्हता." मावशी तिला "हां ताई" म्हणाली. मतदानाच्या दिवशी बाबा बाहेर आले आणि शाई दाखवत मला म्हणाले, "चारही बटणं दाबली."

ती हरली. हरणार होतीच. पण कुणालाही वाटलं नव्हतं इतकी मतं पडली, आणि लोक माझं अभिनंदन करायला आले. वकील ताईंचा फोन आला, "बिनविरोध रोखलीस, शाब्बास." मी थँक्यू म्हटलं. त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?"

मी बाजारात गेले. दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. शेड अजून होती. ती बोंबील साफ करत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, पत्रक वाचल्यासारखं, मधे न थांबता. थांबले असते तर रडले असते, आणि रडायचा मला काही हक्क नव्हता.

"दार उघडा व्हता?" तिने विचारलं.

"हो."

"रांग?"

"नव्हती."

तिने हातातला बोंबील पुरा केला. दुसरा घेतला.

"देवलात मना कोनी इचारला नाय," ती म्हणाली. "तू पन नाय इचारलास." आवाज चढला नव्हता. "तुज्यासाठी मी काकांना काय बोलली, तुला ठावं हाय ना?"

"हो."

"मंग जा आता. गिऱ्हाइकाची वेल हाय."

गिऱ्हाइकाची वेळ नव्हती.

देवळातली रीत चूक आहे असं मला आजही वाटतं. आधी मूठभर पुरुषांनी ठरवायचं, आणि मग बाकीच्यांनी त्याला निवडणूक म्हणायचं, हे घटनेत बसत असेल तर घटनेचा अर्थ लावणारे चुकतायत, हेही वाटतं. तो कागद मी दिला असता तर बाबांना तीनच बटणं दाबता आली असती, हेही खरंच आहे. पण मुलगी पहिल्या सणाला माहेरी आली नाही. गल्लीत कुणी बोलत नाही, तर येऊन काय करायचं, असं ती आईला म्हणाली. हेही खरंच आहे, आणि हे दोन्ही एका कागदावर कसं छापायचं ते मला येत नाही.

गेल्या महिन्यात वकील ताईंनी बोलावलं. बिनविरोध निवडीविरुद्ध याचिका करायची म्हणतायत. त्यांना मावशी हवी होती. "बोलकं उदाहरण आहे. दबाव, माघारीचा कागद, सगळं आहे. तिची सही घेऊन ये."

मी गेले. तिला सगळं सांगितलं, कशासाठी, कुठे जाईल, नाव छापून येईल, सगळं. यावेळी काहीही गाळलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाय."

मी परत येऊन ताईंना सांगितलं, नाही म्हणाली.

"अगं, तुझं ऐकते ना ती? थोडं समजावून बघ. एवढी चांगली केस आहे."

"नाही म्हणाली, ताई."

ताईंनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरी फाइल ओढून घेतली.